आयरिश फिडलच्या जोडीला पियानो : मैफलीत काय ऐकावे?

लिमरिकवासी (धागाकर्ता)

आयरिश पारंपरिक संगीत पबमधल्या सेशनमध्ये (वादक जमून अनौपचारिकपणे वाजवतात त्या बैठकीत) ऐकायची सवय असलेला श्रोता केवळ फिडल आणि पियानो अशा दोनच वाद्यांच्या मैफलीला जातो, तेव्हा पियानोकडून कशाची अपेक्षा ठेवावी हे त्याला लवकर उमगत नाही. पाश्चात्य अभिजात संगीताच्या सवयीने ऐकले तर पियानो फारच थोडे वाजवतो आहे असे वाटते, आणि सेशनच्या सवयीने ऐकले तर तो तिथे असण्याचे कारणच कळत नाही. माझे मत सुरुवातीलाच मांडतो. या जोडीत चाल फिडलची असते, आणि पियानोवादक किती चांगला हे चालीतली कोणती संदिग्धता तो तशीच राहू देतो यावरून ठरते. हे मत या संगीताच्या घडणीवरून आणि गेल्या शंभर वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून बनलेले असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

फिडल म्हणजे व्हायोलिनच. वेगळी आहे ती वाजवण्याची रीत. रील, जिग, हॉर्नपाइप, पोल्का हे सारे मुळात नाचासाठीचे वादन. बहुतेक चालींचे आठ-आठ बारांचे (बार म्हणजे तालाचा एक ठरलेला तुकडा) दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजतो. असे बत्तीस बारांचे आवर्तन दोन-तीनदा झाले की वादक न थांबता पुढच्या चालीत शिरतो. सगळे वादक एकच चाल वाजवतात, आणि वैविध्य येते ते रोल, कट, गजाने झटकन काढलेले ट्रिपलेट अशा अलंकारांतून व गजाच्या वजनातून. या चालींचे स्वर आपल्या कानाला परके नाहीत, कारण त्यांतल्या बऱ्याचशा बिलावल, खमाज, काफी आणि आसावरी या थाटांच्या स्वरांत बसतात. मात्र कित्येक चालींत एखादा स्वर गाळलेला असतो किंवा डळमळता ठेवलेला असतो. डी हा षड्ज धरला तर निषाद एका ओळीत कोमल लागतो, दुसऱ्या ओळीत शुद्ध लागतो, आणि जुन्या वादकांच्या बोटांतून तो पुष्कळदा या दोहोंच्या मधला निघतो. फिडलला पडदे नसल्यामुळे हे सहज घडते. पियानोला मात्र कोमल किंवा शुद्ध यांपैकी एकच पट्टी दाबावी लागते, आणि पियानोवादकाने भरगच्च कॉर्ड (एकत्र दाबलेले अनेक स्वर) वाजवली की चाल कोणत्या थाटाची याचा निवाडा त्या क्षणी तोच करून टाकतो. साऱ्या वादाचे मूळ इथे आहे.

हा प्रश्न जुना आहे. १७९२ साली बेलफास्टमध्ये जुन्या हार्पवादकांचा मेळावा भरला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगकडे त्यांच्या चाली उतरवून घेण्याचे काम सोपवले गेले. त्याने १७९६, १८०९ आणि १८४० साली त्या छापल्या, पण पियानोवर वाजवता येतील अशा बेताने बेतून. चाली वाचल्या, दूरवर पोहोचल्या, आणि त्याच वेळी त्यांच्याखाली परक्या संगीताच्या कॉर्ड येऊन बसल्या.

पुढचा मोठा टप्पा ग्रामोफोनचा. काउंटी स्लायगोमधल्या किलाव्हिलचा मायकल कोलमन १९१४ साली अमेरिकेला गेला, आणि १९२१ ते १९३६ या काळात तिथे निघालेल्या त्याच्या तबकड्यांनी खुद्द आयर्लंडमधल्या फिडलवादनाचे वळण बदलले. त्या तबकड्यांवर त्याच्यामागे बहुधा पियानो आहे, आणि काही ठिकाणी तो ऐकवत नाही. काफी थाटातल्या चालीखाली बिलावलच्या कॉर्ड चालू राहतात, आणि पुढच्या चालीची पट्टी बदलली तरी डावा हात काही काळ जुन्याच पट्टीत रेंगाळतो. साथीला बसवलेल्या वादकाला चाल ठाऊक नव्हती हे स्पष्ट कळते. कोलमनचा गज इतका ठाम आहे की तो या सगळ्याला पुरून उरतो, पण अनेक जाणकारांच्या मनातली पियानोविषयीची अढी या तबकड्यांपासून सुरू होते.

आयर्लंडमध्ये १९३५च्या कायद्याने सार्वजनिक नाचासाठी परवाना सक्तीचा झाला, घरोघरचे नाच मागे पडले आणि संगीत गावच्या मोठ्या सभागृहांत गेले. तिथे आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा म्हणून केली बँड (नाचासाठी वाजवणारे वाद्यवृंद) मोठे होत गेले आणि त्यांत पियानो व ड्रम पक्के झाले. तिथला पियानो म्हणजे प्रामुख्याने व्हँपिंग, ज्यात डावा हात ठोक्यावर खर्जाचा स्वर देतो आणि उजवा हात मधल्या जागी कॉर्ड देतो. नाचणाऱ्याला ते हवेच असते. बसून ऐकणाऱ्याला ते तासभर पुरत नाही.

या पार्श्वभूमीवर १९५९ सालची एक एलपी मला फार मोलाची वाटते. तिच्यात पॅडी कॅनी, पी. जे. हेज आणि पॅडर ओ'लॉक्लिन हे काउंटी क्लेअरचे वादक आहेत आणि पियानोवर ब्रायडी लॅफर्टी आहेत. लॅफर्टी व्हँपिंगच करतात, पण ठोका हलका ठेवतात आणि फिडलच्या वजनावर स्वतःचे वजन टाकत नाहीत. पूर्व क्लेअरचे वादन मुळात संथ आणि काहीसे उदास असते. ते या साथीत मुळीच दबत नाही.

पी. जे. हेज यांचा मुलगा मार्टिन हेज. फीकल गावाजवळ वाढलेला हा वादक पुढे शिकागोला गेला, तिथे गिटारवादक डेनिस केहिल याच्याशी त्याची जोडी जमली, आणि २०११ साली डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये 'द ग्लोमिंग' हा पाच जणांचा मेळ पहिल्यांदा रंगमंचावर आला. त्यात मार्टिन व केहिल यांच्याबरोबर शान-नोस (आयरिश भाषेतले जुन्या पद्धतीचे, साथीविना गायन) गायक ईअरला ओ लिनार्ड, हार्डँगर जातीचे, म्हणजे तरफेच्या तारांचे, फिडलसारखे वाद्य वाजवणारा क्वीवीन ओ रायली आणि पियानोवर अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातला टॉमस बार्टलेट होता. माझ्या दृष्टीने या मेळाचा गाभा फिडल आणि पियानो यांच्यातला संवाद हाच आहे. बार्टलेट व्हँपिंग जवळजवळ करतच नाही. तो कधी एकच स्वर लांबवत राहतो, कधी खर्जात षड्ज धरून वरची सारी जागा फिडलला देतो, आणि चालीने कोणता थाट निवडला हे फिडलच्या तोंडून कळेपर्यंत स्वतः थांबतो. त्यांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत सुमारे सतरा मिनिटांची एक सलग रचना आहे. त्या रचनेच्या निमित्ताने आपली मते वाचायला आवडतील.


किनारा

लेख मनापासून आवडला, पण निष्कर्षाशी मी सहमत नाही. या संगीतात पियानोची गरजच नाही असे माझे ठाम मत आहे. फिडलवादकाच्या गजात लय आधीच असते. कोणत्या स्वरावर गज वळवायचा, कोणत्या स्वराला रेटा द्यायचा, कोणते दोन स्वर एका गजात बांधायचे, हीच त्या परंपरेची लयकारी आहे. त्यावर पियानोने ठोका सांगितला की श्रोत्याचे लक्ष गजावरून उडते.

शॉन ओ रिअदा यांची भूमिका इथे आठवावी. १९६२ साली त्यांनी आयरिश नभोवाणीवर जी व्याख्यानमाला दिली, तिच्यात केली बँडवर त्यांनी अतिशय कठोर टीका केली होती. ते स्वतः उत्तम पियानो वाजवणारे होते, तरीही आपल्या 'क्यौल्तोरी कुआलन' या मेळात त्यांनी हार्प्सिकॉर्ड (तारा छेडून वाजणारे जुने कळफलकाचे वाद्य) निवडले, कारण धातूच्या तारांच्या जुन्या आयरिश हार्पला त्याचा नाद अधिक जवळचा आहे असे त्यांना वाटे. एवढ्या जाणत्या संगीतकाराने पियानो बाजूला ठेवला ही गोष्ट मला निर्णायक वाटते.

डब्लिनचे फिडलवादक टॉमी पॉट्स यांची १९७२ सालची एलपी ऐकावी. पॉट्स चालीतले बार मोडतात, ओळ मध्येच लांबवतात, ठरलेल्या जागी पोहोचण्याचे टाळतात. अशा वादनाला पियानोने साथ करायची तरी कुठे?


मंद्रसप्तक, पुणे

मी हार्मोनियम शिकतो आहे, त्यामुळे हा वाद मला ओळखीचा वाटतो. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली तेव्हा मांडलेला मुख्य आक्षेप हाच होता की या वाद्याचे स्वर ठरीव आहेत, त्यावर मींड निघत नाही आणि श्रुती सांभाळल्या जात नाहीत. बंदी १९७१ नंतर सैल झाली. मधल्या काळात आप्पा जळगावकरांसारख्या साथीदारांनी आक्षेप खोडून काढण्याच्या भानगडीत न पडता गायकाच्या मागे कसे राहावे हे प्रत्यक्ष दाखवून दिले.

तांत्रिक बाजूबद्दल थोडे लिहितो, कारण धागाकर्त्याने संदिग्धता राखण्याविषयी जे म्हटले आहे ते पियानोवर नेमके कसे साधते हे अनेकांना जाणून घ्यायला आवडेल. साध्या कॉर्डमध्ये षड्ज, गांधार आणि पंचम असतात, आणि बिलावल की काफी हे सांगण्याचे काम त्यातला गांधार करतो. वादकाने गांधार गाळून फक्त षड्ज-पंचम ठेवले तर चालीला दोन्ही दारे उघडी राहतात. गांधाराऐवजी रिषभ किंवा मध्यम घेतला तर कॉर्डमध्ये ताण येतो, पण निवाडा होत नाही. गिटारवादक याच हेतूने तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात. पियानोवर ही शिस्त हाताने पाळावी लागते, कारण शिकलेला हात आपोआप गांधाराकडे जातो.

आणखी एक अडचण आहे. फिडलवादक मोकळ्या तारा शुद्ध पंचमाने जुळवतो, आणि पियानोचे स्वर समान अंतरांत वाटलेले असतात. पंचमातला फरक नगण्य असतो, पण गांधारात तो कानाला टोचतो. म्हणून जाणकार पियानोवादक मधल्या सप्तकात, जिथे फिडल वाजते आहे तिथे, गांधार क्वचितच ठेवतो. ठेवायचाच तर वर किंवा खाली दूर नेऊन ठेवतो.


हॅलिफॅक्स_किनारी

कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया प्रांतात राहत असल्यामुळे एक शेजारचा दाखला देते. इथल्या केप ब्रेटन बेटावर फिडल आणि पियानो यांची जोडी इतकी पक्की आहे की पियानोविना फिडलची कल्पना करणे अवघड जाते. ही परंपरा स्कॉटिश स्थलांतरितांची आहे, आयरिश नव्हे, आणि दोन्ही एक समजू नयेत. इथला पियानोवादक उलट्या ठोक्यांनी, चालत्या खर्जाने आणि भरपूर कॉर्डनी नर्तकाला उचलून धरतो, आणि फिडलवादक त्याच्याशी जवळजवळ झुंजतो. किनारा यांनी म्हटल्याप्रमाणे पियानो लयीवर आक्रमण करतो हे खरे मानले, तर केप ब्रेटनचे संगीत केव्हाच बिघडायला हवे होते. ते बिघडलेले नाही, कारण तिथला पियानोवादक चालींच्या सहवासातच वाढलेला असतो.


रसिका_डब्लिन

मी नवखी श्रोता आहे, म्हणून साधा प्रश्न विचारते. सभागृहात बसल्यावर कधी फिडल स्पष्ट ऐकू येते आणि पियानो दूर वाटतो, तर कधी याच्या उलट होते. यात वादकांचा भाग किती आणि सभागृहाचा किती? तसेच, दोघे एकमेकांना खुणा कशा करतात? चाल बदलताना मला काहीच दिसत नाही, आणि तरीही दोघेही नेमके एकाच क्षणी पुढच्या चालीत गेलेले असतात.


लिमरिकवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. आधी रसिका यांच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण मैफलीचे पुष्कळसे यश तिथे ठरते.

फिडल हे लहान पेटीचे वाद्य आहे आणि त्याचा आवाज वादक ज्या बाजूला तोंड करतो त्या बाजूला अधिक जातो. ग्रँड पियानोचा आवाज झाकणावर आपटून श्रोत्यांकडे वळतो. झाकण पूर्ण उघडे असेल तर सौम्य वादकही फिडलला झाकतो, म्हणून अशा मैफलीत ते बरेचदा अर्धवट उघडे किंवा बंद ठेवतात. बाराशे श्रोत्यांच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलसारख्या जागी फिडलला माइक लागतोच, आणि मग तोल ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याच्या हाती जातो. पेडल हा वादकाचा स्वतःचा भाग. पेडल दाबून ठेवले की स्वर एकमेकांत मिसळतात आणि फिडलचे बारीक कट त्यात विरून जातात. जलद रीलमध्ये ते जवळजवळ वापरूच नये असे माझे मत आहे. संथ चालीत गोष्ट वेगळी. ओ रायली याच्या वाद्याला गजाखालच्या तारांशिवाय तरफेच्या तारा आहेत, आणि पेडल उघडल्यावर पियानोच्या तारांची गुंज त्या तरफांच्या गुंजेत मिसळते. त्याने आणि बार्टलेटने २०१९ साली दोघांचीच ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यात हे फार सुंदर ऐकू येते.

खुणांविषयी सांगायचे तर, बहुतेकदा बैठकीत ठरलेला चालींचा क्रम दोघांच्या डोक्यात असतो, आणि किती आवर्तनांनंतर वळायचे हे फिडलवादक त्या क्षणी ठरवतो. शेवटच्या दोन बारांत तो मान किंचित वर करतो, गज अधिक लांब ओढतो किंवा पायाचा ठोका बदलतो. पियानोवादक म्हणूनच अशा कोनात बसतो की त्याला गज दिसावा. पट्टी बदलणार असेल, उदाहरणार्थ जी मधून ए मध्ये, तर ती बदलती कॉर्ड अर्धा क्षण आधी देऊन पियानोवादक श्रोत्याला उचलतो, किंवा मुद्दाम उशिरा देऊन चालीचा पहिला स्वर एकटा उभा राहू देतो. दुसरा मार्ग मला अधिक भावतो.

आता किनारा यांच्याकडे वळतो. ओ रिअदांचा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, पण त्यांचा रोख ठोकळेबाज वादनावर होता असे मला वाटते. साथीची कॉर्ड या परंपरेला सर्वस्वी परकी होती असेही नाही. इलन पाइप्सला (आयरिश बॅगपाइपला) रेग्युलेटर नावाच्या नळ्या असतात, आणि वादक मनगटाच्या कडेने त्यांच्या चाव्या दाबून चालीखाली साधे स्वरसंघात देतो. म्हणजे एकोणिसाव्या शतकातला पाइपवादक स्वतःच स्वतःची साथ करीत होता. शिवाय चाल आतून जाणणारे पियानोवादक या परंपरेत सतत होते. काउंटी लेट्रिममधल्या किल्टीक्लॉगर येथे जन्मलेले चार्ली लेनन आणि दक्षिण आर्मामधल्या जोसेफिन कीगन हे दोघेही फिडल आणि पियानो अशी दोन्ही वाद्ये वाजवीत. फिडलवर ज्याच्या बोटांनी ती चाल शेकडो वेळा वाजवली आहे, त्याचा पियानोवरचा हात चुकीच्या कॉर्डकडे जातच नाही. न्यूयॉर्कच्या फेलिक्स डोलन यांनी १९६६ साली कोलमनच्या स्मरणार्थ निघालेल्या एलपीवर अकॉर्डियनवादक जो बर्क आणि फिडलवादक अँडी मॅकगॅन यांना साथ केली आहे. कोलमनच्या तबकड्यांनंतर लगेच ती ऐकली, तर त्याच न्यूयॉर्कमध्ये तीस वर्षांत पियानोची समज किती वाढली हे कळते.

टॉमी पॉट्स यांच्याविषयीचा आपला प्रश्न मात्र मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पॉट्स यांच्या वादनावर सखोल संशोधन करून ज्यांनी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, ते मीहाल ओ सूलिव्हान स्वतः पियानोवादक होते. कॉर्कमध्ये ते ओ रिअदांचे विद्यार्थी होते, आणि १९९४ साली लिमरिक विद्यापीठात त्यांनी संगीताचे जे केंद्र उभे केले त्याने या परंपरेला विद्यापीठात मानाची जागा दिली. त्यांच्या पियानोत व्हँपिंगपेक्षा चालच अधिक असते: उजवा हात फिडलचे कट व रोल पियानोच्या जवळच्या स्वरांत बसवतो आणि ठोके अनपेक्षित जागी टाकतो. पॉट्स ज्या मोकळेपणाने बार मोडत, तोच मोकळेपणा त्यांचा शिष्य नसलेला पण अभ्यासक असलेला हा पियानोवादक कळफलकावर आणतो. पॉट्स यांना साथ कुठे करायची, याचे उत्तर मला ओ सूलिव्हान यांच्या वादनात सापडते: ज्या बारात पॉट्स थांबतात, त्याच बारात पियानोनेही थांबायचे.


किनारा

रेग्युलेटरचा मुद्दा मान्य आहे, जरी बरेच थोर पाइपवादक ते अगदी काटकसरीने वापरतात हेही नोंदवून ठेवतो. ओ सूलिव्हान यांच्याबद्दल माझा आदर आहे.

माझी उरलेली तक्रार गतीबद्दल आहे. द ग्लोमिंगसारख्या मेळांत पियानोच्या लांबणाऱ्या स्वरांमुळे रील इतकी संथ होते की ती नाचाची चाल होती हेच विसरायला होते. सभागृहातला शांत श्रोता हे पाहून सुखावतो, पण क्लेअरमधल्या फीकल किंवा टल्ला या गावांत सेट हा गटनाच नाचणाऱ्या जोडप्याला त्या वादनावर पाय टाकता येणार नाही. संगीत ज्यांच्यासाठी घडले त्यांनाच ते निरुपयोगी ठरत असेल, तर या घडामोडीत काहीतरी गमावले जाते आहे असे मी मानतो.


मंद्रसप्तक, पुणे

संथपणा पियानोने आणला असे मला वाटत नाही. पॅडी कॅनी यांचे एकल वादन ऐकले तर त्यातही तीच धीमी, वळणावळणाने जाणारी गती आहे, आणि तिथे मागे कोणीच नाही.


लिमरिकवासी (धागाकर्ता)

मंद्रसप्तक यांच्याशी सहमत आहे, आणि किनारा यांची काळजीही खोटी नाही. मार्टिन हेज स्वतः वडिलांच्या टल्ला केली बँडमध्ये नाचासाठी वाजवत वाढला. १९४६ साली सुरू झालेल्या त्या बँडची लय त्याच्या पायात आहे, आणि मैफलीत तो किती संथ वाजवत असला तरी खुर्चीतला त्याचा पाय नाचाचाच ठोका देतो. म्हणूनच त्याच्या सेटमध्ये, म्हणजे सलग वाजवलेल्या चालींच्या मालिकेत, चढ असतो. सुरुवातीची चाल अगदी सैल, पियानोचे दोन-तीन स्वर सोडले तर जवळजवळ उघडी. मग प्रत्येक बदलत्या चालीबरोबर गजाचे रेटे वाढत जातात, पियानोचा डावा हात खर्जात शिरतो, आणि शेवटच्या रीलला जे वाजते त्यावर फीकलचे जोडपे खुशाल नाचू शकेल. सेट दहा-पंधरा मिनिटांचा करण्याची मुभा मैफलीने दिली. कोलमनला तबकडीच्या एका बाजूवर तीनच मिनिटे मिळत होती.

ज्यांना हा चढ नीट समजून घ्यायचा आहे त्यांनी एक प्रयोग करावा. सलग सेट ऐकताना फिडल विसरून फक्त पियानोचा डावा हात ऐकावा: तो केव्हा गप्प आहे, केव्हा षड्जावर बसून आहे आणि केव्हा चालायला लागतो. २०२३ साली निघालेल्या मार्टिनच्या 'कॉमन ग्राउंड' मेळाच्या ध्वनिमुद्रिकेत पियानोवर कॉर्मक मॅकार्थी आहे. त्याचा डावा हात बार्टलेटच्या हातापेक्षा लवकर चालू लागतो, आणि तीच फिडल त्याच्यासमोर वेगळ्या ठिकाणी श्वास घेते. दोन्ही ऐकून किनारा यांनी आपले मत इथेच लिहावे, विशेषतः कोणत्या पियानोसमोर नाचणाऱ्याला पाय टाकता येईल याबद्दल.